मिनिएचर घोड्यांमधील लठ्ठपणा व वजननियंत्रण

मिनिएचर घोडा ही उंचीची मर्यादा ठरवून पैदास केलेली घोड्याची जात आहे. १९७८ साली स्थापन झालेली अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशन ३४ इंचांपर्यंतच्या, म्हणजे साधारण ८६ सेंटिमीटर उंचीच्या घोड्यांचीच नोंद करते. ही उंची आयाळीचे शेवटचे केस जिथे संपतात तिथे मोजतात. अमेरिकन मिनिएचर हॉर्स रजिस्ट्रीत ३८ इंचांपर्यंतचा आणखी एक गट आहे. पूर्ण वाढलेल्या जनावराचे वजन बहुधा ७० ते १५० किलोंच्या दरम्यान भरते. अमेरिका, ब्रिटन आणि युरोपात हे घोडे घरच्या कुरणात, प्रदर्शनांसाठी, छोटी गाडी ओढण्यासाठी आणि रुग्णांना सोबत म्हणून पाळले जातात. लठ्ठपणा हा त्यांचा नित्याचा विकार आहे. तो टाळता येतो आणि कमीही करता येतो, पण त्यात घाई जिवावर बेतू शकते.

या जातीत शेटलंड पोनीचे रक्त मोठ्या प्रमाणात आहे. उत्तर समुद्रातल्या वाऱ्याच्या बेटांवर निकस गवतावर जगणारी ती जनावरे उन्हाळ्यात अंगावर चरबी चढवत आणि हिवाळ्यात ती वापरून वसंतापर्यंत तग धरत. थोडक्यात भागवण्याची ही ताकद आजच्या मिनिएचर घोड्यात शिल्लक आहे. उपासमारीचा हिवाळा मात्र उरलेला नाही. दुभत्या गाईंसाठी पेरलेले गोड, खतावलेले रायगवत, थंडीत अंगावर झूल, तबेल्यात बारमाही गव्हाण आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने लाडाने भरवलेले गाजर-सफरचंद, या सगळ्याचा हिशेब शेवटी चरबीतच होतो. शिवाय या घोड्यावर मोठ्या माणसाला स्वार होता येत नाही, त्यामुळे व्यायामही बेताचाच. १०० किलोंच्या घोड्यावर चढलेले ५ किलो हे ५०० किलोंच्या घोड्यावर चढलेल्या २५ किलोंइतके असतात, हे मोठ्या घोड्यांची सवय असलेला मालक सहज विसरतो.

लठ्ठपणा डोळ्यांनी ओळखणे कठीण असते. हिवाळी केस इतके दाट असतात की त्यांच्याखाली हाडकुळा आणि गुबगुबीत घोडा सारखाच दिसतो. सुटलेले पोट तर फसवेच, कारण ते नुसत्या निकृष्ट चाऱ्यानेही सुटते. म्हणून हात फिरवूनच तपासावे लागते. अमेरिकन संशोधक डॉन हेनेके यांनी १९८३ साली मांडलेली १ ते ९ अंकांची मोजपट्टी यासाठी जगभर वापरतात. मान, मानेच्या बुडाशी असलेला पाठीचा उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर आणि शेपटीचे मूळ अशा सहा जागी चरबी चाचपून अंक देतात. ५ अंक म्हणजे बरगड्या दिसत नाहीत, पण सहज हाताला लागतात; ७ पासून वजन जास्त मानतात आणि ८-९ म्हणजे लठ्ठ. आयाळीखालची चरबी ० ते ५ अशा वेगळ्या मापाने पाहतात. ती घट्ट होऊन एका बाजूला कलंडू लागली, तर रक्तातील इन्सुलिन तपासून घेणे आवश्यक आहे. छातीच्या घेरावरून वजनाचा अंदाज देणारी, मोठ्या घोड्यांसाठी छापलेली फीत या आकाराला चुकते. इथे मात्र लहान चणीचा फायदा होतो: शेळ्यामेंढ्यांच्या काट्यावरही हा घोडा उभा करता येतो.

जादा चरबीचा सर्वांत वाईट परिणाम खुरांवर होतो. लठ्ठ घोड्याचे शरीर पुष्कळदा इन्सुलिनला नीट दाद देत नाही, रक्तात इन्सुलिन चढे राहते, आणि त्यातून लॅमिनायटिस होतो. खुराचे कवच आतल्या हाडाला धरून ठेवणारे थर सैल पडतात व हाड फिरते किंवा खाली घसरते. घोडा पुढच्या टापांवर भार टाकायचे टाळतो, वळताना अडखळतो, मागे रेलून उभा राहतो. हे दुखणे भयंकर असते आणि एकदा झाले की पुन्हा उलटण्याची भीती कायम राहते. म्हातारपणी पिट्यूटरी ग्रंथीचा विकारही याच वाटेने नेतो, म्हणून वयस्कर जनावराची त्यासाठी वेगळी रक्ततपासणी करतात.

हे पाहून घाबरलेला मालक चारा एकदम तोडतो आणि तिथेच दुसरे संकट उभे राहते. पोटात अन्न कमी पडले की मिनिएचर घोडा, पोनी आणि गाढव अंगातली चरबी झपाट्याने रक्तात सोडतात. यकृताला ती पेलत नाही, रक्तद्रव दुधाळ दिसू लागतो. या अवस्थेला हायपरलिपिमिया म्हणतात. जनावर मलूल होते, उरलेसुरले खाणेही सोडते, आणि न खाल्ल्याने चरबी आणखी सुटते. नळीने अन्न, शिरेतून ग्लुकोज, प्रसंगी इन्सुलिन असे उपचार आहेत, पण ते वेळेत सुरू झाले नाहीत तर जनावर हाती लागत नाही. जितका घोडा लठ्ठ, तितका हा धोका मोठा. गाभण घोडी, शिंगराला पाजणारी घोडी, नुकताच दूरचा प्रवास केलेला किंवा आजारी घोडा यांचे वजन कमी करायला घेऊच नये. मिनिएचर घोड्याने दिवसभर चाऱ्याला तोंड लावले नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्याला बोलवावे.

म्हणून उपाय उपाशी ठेवण्याचा नसून मोजून घालण्याचा आहे. सुरुवातीला रोज सध्याच्या वजनाच्या १.५ टक्के कोरडा चारा, म्हणजे त्यातले पाणी वगळून मोजलेला चारा, देतात. १०० किलोंच्या घोड्याला हे प्रमाण वाळलेल्या गवताच्या रूपात सुमारे पावणेदोन किलो होते. ते अंदाजाने नव्हे, ताणकाट्यावर तोलून. १ टक्क्याच्या जवळ जायचे तर पशुवैद्याच्या देखरेखीखालीच. आधीच्या खुराकावरून या मापावर एका दिवसात न येता दोन-तीन आठवडे घ्यावेत. धान्य, भरड आणि मळी लावलेले खाद्य पूर्ण बंद करतात. लसूणघासही टाळतात. गवत उशिरा कापलेले, काडीदार असावे आणि त्यातील साखर व स्टार्च मिळून १० ते १२ टक्क्यांच्या आत असावेत. हे प्रयोगशाळेतून तपासून घेता येते. तपासणी शक्य नसेल तर गवत गार पाण्यात तासभर भिजवून, पाणी फेकून देऊन घालतात. त्याने काही साखर निघून जाते, पण किती हे गवतागणिक बदलते. क्षारही निघून जातात, त्यामुळे प्रथिने, तांबे, जस्त आणि ई जीवनसत्त्व पुरवणारा मूठभर पूरक खुराक द्यावाच लागतो. तोल भिजवण्याआधीच करावा.

एवढा चारा घोडा काही तासांत संपवेल आणि उरलेला दिवस लाकूड चघळत किंवा माती चाटत काढेल. रिकामे पोट त्याच्या आतड्यांनाही मानवत नाही. त्यासाठी दिवसाचे गवत चार-पाच वेळा विभागून, बारीक भोकांच्या जाळीत भरून टांगतात. नाल मारलेली नसेल तर जाळी खालीही ठेवता येते.

कुरणात सोडण्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. ‘फक्त तीन तास सोडतो’ हा बचाव टिकत नाही, कारण पोनी एवढ्या वेळात वजनाच्या जवळपास १ टक्का गवत खाऊ शकते. वेळ जितका तोडावा तितकी ती भराभर चरते. तोंडाला मुसके बांधणे त्याहून उपयोगी. तळाला एकच भोक असलेले हे मुसके चरणे मोठ्या प्रमाणात कमी करते, आणि पाणी पिता येते. मिनिएचर घोड्याचे तोंड आखूड असल्याने बाजारातली मापे त्याला नेमकी बसत नाहीत. नाकाचे हाड व ओठ घासले जातात का, हे रोज पाहावे. मुसके दिवसाचे चोवीस तास ठेवू नये. गवतातली साखर पहाटे कमी आणि दुपारनंतर जास्त असते. मात्र रात्री कडाक्याची थंडी पडून सकाळी लख्ख ऊन आले की पहाटेचे गवतही गोड राहते.

खुरे निरोगी असतील तर चालणे, टेकडी चढणे, लांब दोरीवर हलके पळवणे, गाडी ओढणे हे सगळे चालते. लॅमिनायटिस असताना व्यायाम पूर्ण बंद. थंडीत निरोगी घोड्यावर झूल न घालता त्याची स्वतःची लोकर कामाला लावावी. औषधांची पाळी खुराक आणि व्यायाम पुरे न पडल्यावरच येते. थायरॉइडचे संप्रेरक असलेले लेव्होथायरॉक्सिन काही काळ वापरतात. इन्सुलिन उतरवणारी ग्लिफ्लोझिन गटातील नवी औषधे परिणामकारक आहेत, पण ती रक्तातील चरबी वाढवू शकतात, त्यामुळे या जातीत वारंवार रक्त तपासावे लागते.

वजन आठवड्याला अर्धा ते एक टक्का उतरले तर गती योग्य आहे. पहिल्या महिन्यात काटा हलतो, पण हाताला फरक लागत नाही. पोटाचा घेर आधी उतरतो आणि मानेवरची चरबी सर्वांत शेवटी. दर पंधरवड्याला त्याच वेळी, त्याच जागी छातीचा व पोटाचा घेर मोजून नोंदवतात. सहा आठवड्यांत काहीच घटले नाही तर कुणी लपूनछपून भरवत नाही ना, हे आधी पाहावे आणि मग चारा थोडा कमी करावा. ठरलेले वजन आल्यावर चारा हळूहळू वाढवत नेतात. आधी लॅमिनायटिस झालेल्या घोड्याला मात्र वसंतातल्या मोकळ्या कुरणात पुन्हा सोडत नाहीत.