विंडोज सोडून लिनक्सकडे : दृष्टिहीनांच्या स्थलांतरामागचा इतिहास

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षा सुधारणा पुरवणे, थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे उत्तम चालणारे कितीतरी जुने संगणक तिथपर्यंत पोहोचू शकत नाहीत. इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधून वापरलेला लॅपटॉप घेऊन अभ्यास आणि नोकरीची तयारी करणाऱ्या मराठी घरांतल्या दृष्टिहीन तरुणांपुढे त्यामुळे लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रश्न नव्याने उभा राहतो. डोळस माणसाला अशा बदलात नव्या पडद्याची सवय करून घ्यावी लागते. दृष्टिहीनाच्या बाबतीत मात्र मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, त्याचा आवाज आणि बोटांत मुरलेल्या कळांच्या जोड्या हे सारे एकाच दिवशी बदलते. हा बदल इतका अवघड का झाला, याचे उत्तर गेल्या चार दशकांच्या इतिहासात आहे.

विंडोजच्या आधीच्या, आज्ञा टाइप करून चालवायच्या डॉस या सिस्टिमच्या काळात पडद्यावर केवळ अक्षरे असत आणि ती संगणकाच्या स्मृतीत अक्षरे म्हणूनच साठवलेली असत. स्क्रीन रीडरने ती तिथून उचलायची आणि आवाज देणाऱ्या यंत्राकडे पाठवायची, एवढेच काम होते. १९७८ मध्ये मोटार अपघातात दृष्टी गमावलेल्या टेड हेंटर यांच्या कंपनीने १९८९ मध्ये डॉससाठी जॉज हा स्क्रीन रीडर आणला, तो याच सोयीच्या पायावर. चित्रमय पडदा आला आणि हा पाया निसटला, कारण आता अक्षर म्हणजे नुसते ठिपके होते. पडदा रंगवण्याच्या आज्ञा मध्येच पकडून त्यांवरून पडद्याची एक अदृश्य प्रत स्मृतीत उभारणे, हाच उपाय उरला. ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकासाठी आउटस्पोकन या स्क्रीन रीडरने तो १९८९ मध्ये करून दाखवला आणि विंडोजसाठीचा जॉज १९९५ मध्ये आला. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने, प्रत्येक प्रोग्रामने आपली बटणे, याद्या आणि त्यांची नावे स्वतःहून स्क्रीन रीडरला कळवावीत, अशी व्यवस्था सुरू केली. माझ्या मते संपूर्ण इतिहासातले निर्णायक वळण हेच आहे. तेव्हापासून दृष्टिहीनाला संगणक किती वापरता येईल, हे स्क्रीन रीडरच्या हुशारीइतकेच इतर प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या आस्थेवरही ठरू लागले.

जॉजची किंमत हजार डॉलरच्या आसपास असल्यामुळे भारतातल्या सामान्य घराला तो परवडण्यासारखा नव्हता. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला. त्याचा तितकाच दृष्टिहीन मित्र जेम्स टेह त्याला येऊन मिळाला, आणि मोफत, मुक्त परवान्याचा, तरीही व्यावसायिक दर्जाचा स्क्रीन रीडर जगाला मिळाला. या कामाचे मोल शब्दांत मांडणे कठीण आहे. मात्र एनव्हीडीए केवळ विंडोजवर चालतो. विंडोजवरची मोठी आर्थिक अडचण त्याने दूर केल्यामुळे लिनक्सकडे जाण्याचे एक सबळ कारणही आपोआप कमी झाले.

लिनक्सकडची परंपरा वेगळ्या मार्गाने वाढली. तिच्या प्रारंभीच्या पानांवर पुण्यात जन्मलेले टी. व्ही. रामन आहेत. चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेलेल्या रामन यांनी पुण्याच्या वाडिया महाविद्यालयात गणिताचा अभ्यास केला, पुढे आयआयटी मुंबई आणि कॉर्नेल येथे शिक्षण घेतले, आणि १९९५ मध्ये ईमॅक्स या मजकूर-संपादकाला बोलते करणारा ईमॅक्सपीक प्रसिद्ध केला. पडद्यावर दिसते ते जसेच्या तसे वाचण्याऐवजी मजकुराचा अर्थ आणि रचना आवाजाच्या चढउतारातून पोहोचवावी, ही त्यांची धारणा होती. ब्रेल पट्टीवर मजकूर देणारा बीआरएलटीटीवाय आणि कन्सोलवर, म्हणजे केवळ अक्षरांच्या पडद्यावर, बोलणारा स्पीकअप यांच्या जोरावर अनेक जाणकार दृष्टिहीन चित्रमय पडद्याविनाच पूर्णवेळ लिनक्सवर काम करत आले आहेत.

चित्रमय लिनक्ससाठी सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत ऑर्का हा स्क्रीन रीडर तयार झाला आणि २००६ मध्ये तो जीनोम या लिनक्सच्या चित्रमय पडदा-व्यवस्थेचा भाग बनला. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली, त्यानंतर सुगम्यतेवर, म्हणजे दिव्यांगांना संगणक वापरता यावा यासाठी, पगारी काम करणारी माणसे कमी करण्यात आली आणि ऑर्काची जबाबदारी प्रामुख्याने जोनमेरी डिग्ज यांनी पेलली. लाखो लोकांचे वाचन ज्या प्रोग्रामवर अवलंबून राहू शकते, त्याचा भार इतक्या थोड्या खांद्यांवर असावा, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. त्यात पडदा रंगवण्याची जुनी एक्स व्यवस्था मागे पडून वेलँड आली. एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे जाणाऱ्या कळा ऐकू नयेत, हे तिचे सुरक्षेचे तत्त्व योग्यच आहे, परंतु स्क्रीन रीडरला नेमके तेच करावे लागते. ऑर्काच्या कळा वेलँडवर नीट चालण्यासाठी मार्च २०२५ मधल्या जीनोम ४८ ची वाट पाहावी लागली.

इंदूरच्या मराठी माणसाला आवाजाचा प्रश्न दुहेरी भेडसावतो, कारण त्याचे कार्यालयीन वाचन हिंदीत आणि घरचे मराठीत असते. विंडोजमधले हेमंत आणि कल्पना हे हिंदी आवाज लिनक्सवर सोबत येत नाहीत. तिथे बहुधा ईस्पीक एनजी हा बोलणारा प्रोग्राम मिळतो. तो आकाराने लहान, चपळ आणि अतिवेगातही स्पष्ट असून त्यात हिंदी आणि मराठी दोन्ही आहेत, मात्र त्याचा यांत्रिक सूर पचनी पडायला वेळ लागतो. शिवाय मध्य प्रदेशात कृतिदेव फाँटमधले हिंदी दस्तऐवज भरपूर फिरतात. त्यांत देवनागरी केवळ डोळ्यांना दिसते, आत साठवलेली अक्षरे रोमन असतात, म्हणून कोणताही स्क्रीन रीडर तिथे निरर्थक अक्षरमाला वाचतो. ऑपरेटिंग सिस्टिम बदलून हे दुखणे बरे होत नाही. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे देवनागरी अक्षरे देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, असायला हवा.

लिनक्स स्वतः बसवणे मात्र आता दुसऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून राहिलेले नाही. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराच्या बसवणीच्या पहिल्या पडद्यावर एस आणि एंटर दाबले की पुढची सर्व प्रक्रिया बोलू लागते. दैनंदिन कामासाठी फायरफॉक्स हा ब्राउझर आणि लिबर ऑफिस हा कार्यालयीन कामाचा संच ऑर्कासह पुरेसे ठरतात. तरीही पूर्णवेळ लिनक्सवर गेलेल्या उमेदवाराने विंडोजचा सराव सोडू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. दिव्यांगांच्या लेखी परीक्षांसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत उमेदवाराला केंद्रावरचा संगणक एक दिवस आधी तपासून पाहण्याची मुभा होती, पण स्वतःचा लॅपटॉप वापरण्याची नव्हती. परीक्षेच्या दिवशी समोर कोणती सिस्टिम असेल, हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे असेलच असे नाही.