हल्लेखोर अणुपाणबुडी : बांधणी ते नौदलात दाखल

शत्रूची जहाजे आणि पाणबुड्या शोधून टॉर्पेडो व क्षेपणास्त्रांनी बुडवणारी, अणुऊर्जेवर चालणारी युद्धनौका. अणुभट्टीच्या उष्णतेने वाफ होते आणि वाफेवर टर्बाइन फिरते. भट्टीला हवा लागत नाही, त्यामुळे पाण्याखाली किती दिवस राहायचे हे मुख्यतः शिधा किती उरला यावर ठरते. अशी पहिली नौका, अमेरिकेची ‘नॉटिलस’, १९५४ साली नौदलात आली.

विदर्भातल्या खेड्यात पाणबुडी म्हटले की विहिरीतली मोटर आठवते, आणि मोठी पाणबुडी समजून घ्यायला तीच बरी. शाफ्टजवळचे सील गेले की पाणी आत शिरते, वाइंडिंग जळते आणि हरभऱ्याचे ओलीत ऐन वेळी अडते. भरल्या विहिरीत ४० फुटांवर पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला सव्वा किलोच्या आसपास असतो. समुद्रात ३०० मीटरवर तो ३० किलोंच्या घरात जातो, आणि पंख्याचा शाफ्ट तिथेही कवचातूनच बाहेर काढावा लागतो.

हे कवच म्हणजे जाड पोलादी पत्रे वाकवून केलेली कडी, आतून फासळ्यांनी आवळलेली. तालुक्याच्या ठिकाणी ट्रॅक्टरची ट्रॉली जोडताना वेल्डर हातोडीने पपडी झाडतो, सांध्यावरून नजर फिरवतो आणि लाल रंग मारतो. इथे नजर पुरत नाही. कवचाचे सांधे क्ष-किरणांनी नाहीतर ध्वनिलहरींनी तपासतात. खोट दिसली की तो भाग खरवडून पुन्हा जोडतात. कडी उघडी असतानाच यंत्रे आत बसवली जातात, मग ती एकमेकांना जोडतात. ब्रिटनच्या ‘अ‍ॅस्ट्यूट’चा कणा ३१ जानेवारी २००१ रोजी बसला, जलावतरण जून २००७ मध्ये झाले आणि नौदलात ती २७ ऑगस्ट २०१० रोजी आली.

जलावतरणानंतरचा काळ सगळ्यांत कसोटीचा. धक्क्यालाच भट्टी पहिल्यांदा सुरू होते, मग समुद्रात टप्प्याटप्प्याने खोल बुडी. १० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची ‘थ्रेशर’ अशाच खोल चाचणीत १२९ जणांसह बुडाली. चौकशीत संशय गेला तो इंजिनखोलीतल्या समुद्रपाण्याच्या नळाच्या एका सांध्यावर. त्यानंतर अमेरिकेने नळ, झडपा आणि सांध्यांच्या तपासणीचे नियम फार कडक केले. एवढी वर्षे का लागतात, याचे उत्तर त्या १२९ जणांत आहे.

विशाखापट्टणमला बांधलेली ‘अरिहंत’ जुलै २००९ मध्ये पाण्यात उतरली, तिची भट्टी ऑगस्ट २०१३ मध्ये सुरू झाली आणि २०१६ मध्ये ती नौदलात आली. ती मात्र बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे वाहणारी. हल्लेखोर जातीच्या दोन नौका भारताने भाड्याने आणून चालवल्या, पहिली सोव्हिएत संघाकडून आणि दुसरी रशियाकडून. दोघींचे नाव ‘चक्र’. देशातच अशा दोन नौका बांधायला ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली.