डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा कसा होईल?

बेळगावात गणपतीची मूर्ती सांगायला गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘उजव्या सोंडेचा नको, तो कडक असतो.’ सोंडेच्या दिशेवर कुणाचं नशीब ठरत नाही, हे स्पष्ट बोललं पाहिजे. पण डाव्याचा उजवा होऊ शकतो का, हा प्रश्न मात्र फार खोल आहे. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत तो जयंत नारळीकरांनी मांडला.

नारळीकरांचा जन्म निपाणीपलीकडच्या कोल्हापूरचा, 19 जुलै 1938 चा. बालपण बनारसला, पुढचं शिक्षण केंब्रिजला. तिथे त्यांना गुरू मिळाले फ्रेड हॉयल. हे हॉयल स्वतः विज्ञान कादंबऱ्या लिहीत. दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला तो 1964 साली. दहा वर्षांनी नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तीही ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. आपली आद्याक्षरं त्यांनी उलटी लावली होती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मराठीला एक विज्ञानकथाकार मिळाला. 1988 मध्ये पुण्याला आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली, तिचे ते पहिले संचालक.

आता त्या गणपतीकडे वळू. अथणीच्या कारागिराने केलेली डाव्या पायाची चप्पल घ्या. कशीही फिरवा, ती उजव्या पायाची होत नाही. पालथी घातली तर अंगठा हव्या त्या बाजूला येतो, पण तळ वर येतो. चित्राचं तसं नाही. पारदर्शक प्लास्टिकवर काढलेला डाव्या सोंडेचा गणपती टेबलावर कितीही सरकवला तरी उजव्या सोंडेचा होत नाही, पण उचलून पालथा घातला की लगेच होतो. कारण पालथं घालताना टेबलाच्या बाहेरची तिसरी मिती वापरायला मिळते. चपलेला तशी चौथी मिती लागेल.

मोबियस पट्टीवर मात्र उचलावंही लागत नाही. मोबियस आणि लिस्टिंग या दोघा जर्मन गणितज्ञांना 1858 साली ती स्वतंत्रपणे सुचली. प्लास्टिकची लांब पारदर्शक पट्टी कापा, एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि टोकं चिकटवा. आता पट्टीच्या लांबीच्या दिशेला डोकं आणि डावीकडे सोंड असा छोटा गणपती काढा. त्याच्या पुढे तसाच दुसरा, मग तिसरा, असं करत फेरी पुरी करा. शेवटचा गणपती पहिल्याच्याच जागी येईल, पण प्लास्टिकच्या मागच्या बाजूला. पुढून आरपार पाहा : त्याची सोंड उजवीकडे आहे! गणिताच्या पट्टीला जाडी नसते, म्हणून तिथे पुढची आणि मागची बाजू हा भेदच नाही. वाटेत गणपतीला कुणी पालथं घातलं नाही. पीळ त्याच्यात नाही, जागेत आहे. आपल्या त्रिमित अवकाशात असा पीळ असता, तर फेरी मारून आलेल्या माणसाचं हृदय उजवीकडे आलं असतं.

अशा माणसाचं पुढे काय होईल? आपली प्रथिनं डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांची, भाकरीतला स्टार्च उजव्या घडणीच्या साखरेचा. उलटलेल्या माणसाची विकरंही (अन्न पचवणारी एन्झाइम्स) उलटलेली, त्यामुळे भाकरी खाऊनही तो स्टार्च त्याला पचणार नाही. पुदिन्याचा वास त्याला बाळंतशेपेसारखा येईल, कारण दोन्हींत कार्व्होन हाच रेणू आहे, एकात डावा तर दुसऱ्यात उजवा.

निसर्गाचे मूळ नियम तरी डावं-उजवं मानतात का? ली आणि यांग या भौतिकशास्त्रज्ञांनी 1956 मध्ये ही शंका काढली आणि चिएन-शिउंग वू यांनी कोबाल्ट-60 या किरणोत्सारी धातूवर प्रयोग केला. अतिथंड केलेल्या अणुकेंद्रांची फिरकी चुंबकीय क्षेत्राने एका दिशेला लावली, तेव्हा बीटा ऱ्हासातले, म्हणजे अणुकेंद्र बदलताना बाहेर पडणारे, इलेक्ट्रॉन फिरकीच्या विरुद्ध दिशेला जास्त निघाले. आरशातल्या जगात ते फिरकीच्याच दिशेला निघाले असते. म्हणजे हा ऱ्हास घडवणारं दुर्बल बल डावं-उजवं ओळखतं. आपल्या विश्वात मोबियससारखा पीळ असल्याचा पुरावा नाही, आणि असलाच तर त्याला या बलाशी हिशेब जुळवावा लागेल.

कथेत इतकी मोकळीक घेणारे नारळीकर पुराव्याच्या बाबतीत मात्र काटेकोर होते. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं मिळून 200 कुंडल्या जमवल्या आणि कुंडलीवरून मूल कुठल्या गटातलं ते ओळखायला सांगितलं. उत्तरं देणाऱ्या 27 ज्योतिषांची अचूकता सरासरी 46 टक्के निघाली. नाणं उडवूनही 50 टक्के जमतं.

2021 च्या नाशिक साहित्य संमेलनाचे नारळीकर अध्यक्ष होते. 20 मे 2025 रोजी ते गेले. सीमाभागात कडोली, येळ्ळूरची संमेलनं आपण निष्ठेने भरवतो. तिथे कविसंमेलनाच्या जोडीला एक सत्र विज्ञानकथेचं ठेवावं, आणि मराठी शाळांच्या मुलांना प्लास्टिकची पट्टी, कात्री आणि गोंद देऊन पुढच्या रांगेत बसवावं.