वायर जरा अशी धरली की चालतं

आईचं वाफारा घ्यायचं यंत्र गेल्या पावसाळ्यात अडून बसायला लागलं. बटण दाबलं की कधी सुरू व्हायचं, कधी नाही. आईने त्यावर तोड काढली होती. यंत्राच्या बुडाशी वायर अंगठ्याने थोडी उचलायची आणि खाली काडेपेटी सरकवायची, की वाफ यायला लागे. "वायर जरा अशी धरली की चालतं," असं तिने मलाही शिकवलं. इस्त्री, मिक्सर, टेबल फॅन अशा कितीतरी वस्तूंबद्दल कितीतरी घरांत हे वाक्य मी ऐकलंय, आणि दर वेळी पोटात गोळा येतो. त्या काडेपेटीमुळे यंत्र चालत होतं हे खरं. पण तिच्या वर, बोटभर अंतरावर, वायरच्या आत काय चाललं होतं ते आईला दिसत नव्हतं.

अशा यंत्राची वायर सोलली तर फेज आणि न्यूट्रल या प्रत्येकाच्या पोटात केसासारख्या बारीक तांब्याच्या तारांचा जुडगा निघतो. पाऊण चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.२ मिलिमीटर जाडीच्या २४ तारा असतात. तेवढंच तांबं एका जाड तारेत घातलं असतं तरी वीज तशीच वाहिली असती, पण ती तार चार दिवसांत मोडली असती. तार जितकी जाड, तितका वाकताना तिच्या बाहेरच्या कडेवर ताण जास्त. म्हणून हा जुडगा.

पण बारीक तारही कायमची लवचीक राहत नाही. पुण्याच्या तांबट आळीत हे कानांनी ऐकता येतं. तांबट पत्रा तापवून मऊ करतात, भांडं घडवतात आणि शेवटी हातोडीने ठोके देत मठारतात. त्या ठोक्यांची नक्षी सुंदर दिसतेच, शिवाय भांडं टणक होतं. तांब्याचा हा स्वभावच आहे: ठोका, वाकवा, पिळा, प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा थोडं कडक होतं. तांबटाला ते हवं असतं, वायरीला ते मारक. वाफ घेऊन झाल्यावर वायर यंत्राभोवती करकचून गुंडाळायची, दुसऱ्या दिवशी सोडायची, पुन्हा गुंडाळायची. दर वेळी ती एकाच जागी वाकते, म्हणजे जिथे ती यंत्रातून बाहेर पडते किंवा प्लगमधून निघते तिथे. त्या जागी तांबं मठारल्यासारखं कडक होत जातं, त्याला सूक्ष्म भेगा पडतात आणि एकेक तार आतल्या आत तुटते. बाहेरचं प्लॅस्टिक मात्र साबूत. वायर मधोमध क्वचितच तुटते, ती मानेशी तुटते. तिथे जी खाचांची रबरी शेपटी बसवलेली असते, तिचं काम एवढंच की वाकण एका बिंदूवर न येता चार-पाच सेंटिमीटरभर पसरावं. ती शेपटी फाटली की वायरीचे दिवस भरत आले समजा.

आता हिशोब करू. आईच्या यंत्रावर ३०० वॅट असं छापलंय. आपल्याकडचा दाब २३० व्होल्ट, म्हणजे प्रवाह सुमारे १.३ अँपिअर. दीड मीटर वायर, जाऊन-येऊन तीन मीटर तांबं, त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जेमतेम ०.०७ ओहम. वायरीत उष्णता तयार होते ती प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध एवढी. इंग्लंडमध्ये जेम्स जूल यांनी १८४०च्या सुमारास हा नियम शोधला. गुणाकार केला तर संपूर्ण वायरीत मिळून एक दशांश वॅटच्या आसपास उष्णता येते. ती हाताला कळणारही नाही. धडधाकट वायर तापत नाही, ही गोष्ट मनात पक्की धरायला हवी, कारण मग वायर कोमट लागली तरी काहीतरी बिघडलंय हे लगेच ओळखता येतं.

तारा तुटत जातात तेव्हा काय होतं? माझा आधी असा समज होता की उरलेल्या मोजक्या तारा लाल होत असतील. हिशोब वेगळं सांगतो. जुन्या वाड्यांतल्या किटकॅट फ्यूजमध्ये ५ अँपिअरसाठी जी तांब्याची तार घालत, ती साधारण ०.२ मिलिमीटरचीच असते. म्हणजे वायरीतली शेवटची एकटी तारही १.३ अँपिअर आरामात वाहून नेते. म्हणूनच २३ तारा तुटल्या तरी यंत्र कुरकुर न करता चालतं. चोविसावी तुटते तेव्हा पहिल्यांदा यंत्र बंद पडतं, आणि आपण वायर हलवून पाहतो.

खरा धोका इथून पुढे आहे. वायर "अशी" धरली की तुटलेली टोकं एकमेकांना टेकतात, नुसती टेकतात. टेकलेल्या टोकांचा रोध सहज एखादा ओहम भरू शकतो. १.३चा वर्ग गुणिले एक, म्हणजे पावणेदोन वॅट उष्णता, तीही मसुरीच्या दाण्याएवढ्या जागेत कोंडलेली. त्या उष्णतेने तांब्यावर ऑक्साइडचा काळा थर चढतो. तो वीज नीट वाहू देत नाही, म्हणून रोध वाढतो, म्हणून उष्णता वाढते, म्हणून थर आणखी जाड होतो. शिवाय हात हलला की टोकं सुटतात आणि ठिणगी उडते, आणि त्या इवल्या ठिणगीचं तापमान काही हजार अंश असतं. वायरीवरचं साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंत टिकावं अशा बेताने केलेलं. ते आधी कडक होतं, मग करपतं. करपताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. नाकाला झोंबणारा तो वास एकदा ओळखला की विसरत नाही.

आणि हे सगळं होताना घरातला एकही राखणदार जागा होत नाही. एमसीबी, म्हणजे मीटरजवळच्या डब्यातलं आपोआप पडणारं बटण, पडते ती प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला तर. इथे तो १.३च आहे, किंबहुना किंचित कमीच. आरसीसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवणारं तिथलंच दुसरं बटण, गेलेला आणि परतलेला प्रवाह ताडून पाहते, ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तोडते. इथे जेवढा गेला तेवढा परत येतो, फरक शून्य. टेस्टरही फसवतो. त्यातला निऑनचा दिवा लागायला एक हजारांश अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह पुरतो. तेवढा प्रवाह एकुलत्या एका तारेतूनही येतो आणि दिवा छान पेटतो. "करंट येतोय की!" असं म्हणून आपण निश्चिंत होतो. तापलेला, कच्चा जोड ओळखणारं साधन घरात एकच, आपला हात आणि नाक.

वायरीच्या दुसऱ्या टोकाला, प्लगपाशीही, हाच खेळ चालतो. आपल्या ६ अँपिअरच्या सॉकेटची भोकं साधारण ५ मिलिमीटरच्या पिनांसाठी आहेत. परदेशी घाटाच्या दोन पिनांच्या प्लगची पिन ४ मिलिमीटरची. ती बसते, पण डुगडुगते. पाच भोकांच्या एक्स्टेंशन बोर्डात तर पत्र्याची पकड आधीच सैल झालेली असते. कागदाची घडी घालून प्लग घट्ट बसवलेला मी पाहिलाय. ३०० वॅटला ते खपून जातं, पण त्याच सैल भोकात १५०० वॅटची किटली लावली तर? प्रवाह साडेसहा अँपिअर, त्याचा वर्ग ४२. एका ओहमच्या सैल जोडात ४२ वॅट, म्हणजे डाख द्यायच्या लहान सोल्डरिंग आयर्नपेक्षाही जास्त उष्णता, प्लास्टिकच्या बोर्डात.

वाफाऱ्याच्या यंत्राची आणखी एक गंमत आहे, आणि तीही शेवटी वायरीशीच येऊन मिळते. बऱ्याच स्वस्त यंत्रांत तापणारी कॉइल नसतेच. असतात दोन पट्ट्या, एक फेजला, एक न्यूट्रलला, दोन्ही पाण्यात बुडालेल्या. वीज थेट पाण्यातून जाते आणि पाणी स्वतःच्याच रोधाने तापतं. पाणी संपत आलं, पट्ट्या उघड्या पडल्या की वाटच तुटते आणि यंत्र आपोआप थांबतं. ना थर्मोस्टॅट, ना टायमर. इतकी साधी आणि इतकी नेमकी रचना घरातल्या दुसऱ्या कुठल्या वस्तूत मला आठवत नाही. पण याचा दुसरा अर्थ असा की चालू यंत्रातलं पाणी म्हणजे उघडी फेज आहे. "तापलं का" म्हणून त्यात बोट घालायचं नाही. झाकण उघडण्याआधी भिंतीवरचं बटण बंद करणंही पुरेसं नाही, कारण बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असलं तर पट्टीवर फेज तशीच राहते. प्लग उपटायचा, मगच झाकणाला हात.

शुद्ध पाणी विजेचं वाईट वाहक आहे. वीज वाहतात ते त्यातले क्षार. म्हणून आरओचं पाणी घातलं की ही यंत्रं ढिम्म बसतात, आणि बोअरवेलचं घातलं की फुरफुरतात. पाणी गोडं असेल तर चिमूटभर मीठ घाला, असं सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं ते यासाठी. शिवाय पाणी तापेल तसं ते अधिक चांगलं वाहक होत जातं, दर अंशाला साधारण दोन टक्क्यांनी. म्हणजे छापलेले ३०० वॅट हा नुसता अंदाज, खरा आकडा मिठावर ठरतो. आई लवकर वाफ यावी म्हणून अर्धा चमचा मीठ घालायची. प्रवाह दुप्पट झाला तर मानेतल्या त्या कच्च्या जोडातली उष्णता चौपट होते. चिमूट आणि अर्धा चमचा यांतला फरक तिच्या काडेपेटीच्या वर साठत होता.

अमेरिकेतल्या लेकीने, भाच्याने आणलेली यंत्रं याहून अवघड. तिथला दाब १२० व्होल्ट. ॲडॉप्टरने पिनेचा आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाहीत. त्याच पट्ट्या, तेच पाणी, पण २३० व्होल्ट लावले की शक्ती जवळजवळ पावणेचारपट होते. उकळतं पाणी नळीतून उसळून बाहेर येतं, तेही तोंड समोर धरलेलं असताना.

ओवा, निलगिरी, तुळस हे पट्ट्यांच्या पाण्यात टाकू नये. दाणे आणि पानं पट्ट्यांना चिकटतात, करपतात, साका धरतो. वाफ जिथून निघते तिथे वाटी असेल तर तिच्यात, नाहीतर पुरचुंडी करून वाफेच्या तोंडाशी धरावी. तेवढ्यानेही वास का दरवळतो, हे मला फार आवडणारं प्रकरण आहे. ओव्याचा वास मुख्यतः थायमॉलचा, आणि थायमॉल उकळतं २३२ अंशांना. निलगिरीतलं सिनिऑल १७६ला. वाळलेल्या वनस्पतींवरून २०० अंशांच्या आसपासची गरम हवा सोडणारी टेबलावरची यंत्रं परदेशात वापरतात, ती याच आकड्यांमुळे. आपलं यंत्र तर शंभराच्या वर जात नाही. पण पाण्याची वाफ आणि तेलाची वाफ आपापला दाब स्वतंत्रपणे लावतात, आणि दोन्हींची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की झालं. उकळायची वाट न पाहता तेल पाण्याच्या पाठीवर बसून बाहेर पडतं. अत्तराच्या भट्ट्या याच तत्त्वावर चालतात.

निलगिरीचा थेंब वायरीवर किंवा प्लॅस्टिकच्या अंगावर सांडला तर मात्र लगेच पुसावा. या तेलात थर्माकोल विरघळतो, यावरून ओळखा.

नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं त्यात आपल्या चेतातंतूंचाही वाटा आहे. मेंथॉल आणि सिनिऑल चेतातंतूंवरच्या थंडी ओळखणाऱ्या एका ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रेणूला, चेतवतात. हवा आत जास्त गेली नाही तरी गार हवा खेळल्याचा भास होतो. सर्दीतल्या गरम, दमट हवेच्या प्रयोगांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेने २०१७ साली आढावा घेतला. सहा चाचण्या, ३८७ माणसं, आणि ठाम फायदा दिसला नाही. आराम वाटतो म्हणून घ्यावी वाफ, मीही घेतो. पण लहान मुलाला मांडीवर घेऊन नाही, आणि टेबलाच्या कडेवरून वायर लोंबती ठेवून तर मुळीच नाही. रांगतं मूल ती ओढतं आणि उकळतं पाणी त्याच्या अंगावर येतं. वाफ त्वचेवर थिजताना दर ग्रॅमला ५४० कॅलरी सोडते, उकळतं पाणी शरीराच्या तापमानापर्यंत निवताना ६३ सोडतं.

आईच्या यंत्राला आधी कोणीतरी काळी टेप गुंडाळून दिली होती. टेपने वीज बाहेर येत नाही एवढंच. तुटलेल्या तारा जोडल्या जात नाहीत, उलट तेवढा भाग ताठ होतो आणि वायर टेपच्या कडेशी नव्याने वाकायला लागते. मी यंत्र उघडलं, जुनी वायर काढली आणि तेवढ्याच जाडीची, आयएसआयचा शिक्का असलेली नवी वायर कोपऱ्यावरच्या वायरमनकडून बसवून घेतली. त्याने आत गाठ मारून वायर खोबणीत अडकवली, म्हणजे ओढ जोडावर न येता गाठीवर येईल. डाख दिलेले सांधे ओढून दाखवले. साधी पण नीट केलेली कामं पाहताना बरं वाटतं.

जुनी वायर घरी आणून मानेशी ब्लेडने उभी चिरली. आतलं पांढरं आवरण तपकिरी पडलं होतं आणि एका बाजूला कोळशासारखा ठिपका होता. फेजच्या चोवीस तारांपैकी एकही अखंड नव्हती. टोकं काळी, दोन-चार टोकांना वितळून गोल झालेले मण्यांसारखे थेंब. आईला चष्मा लावून दाखवलं. तिने बराच वेळ वायर बोटांत फिरवली आणि विचारलं, "आणि काडेपेटी इथे होती?"

आता वायर ती सैल, हातभर वेटोळी करून ठेवते. वाफ घेऊन झाली की वायर न ओढता प्लगलाच धरून काढते आणि क्षणभर तळहातात दाबून बघते, गार आहे ना.