करड्या पक्ष्याच्या मागे: मोंतेवेर्देच्या मिश्र थव्यांची पार्श्वभूमी

कोस्टा रिकातल्या मोंतेवेर्देचं मेघवन बघायला जाणारे बहुतेक लोक क्वेत्झाल या झगझगीत हिरव्या, लांब शेपटीच्या पक्ष्याच्या ओढीने जातात. पण हे जंगल राखलं जाण्याची गोष्ट सुरू होते ती क्वेत्झालच्या मानाने अगदीच सामान्य दिसणाऱ्या, घोळक्याने फिरणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांपासून.

वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र येऊन चरतात, याचं गाजलेलं जुनं वर्णन हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाचं. १८४८ ते १८५९ तो अॅमेझॉनच्या खोऱ्यात होता. जंगलात वाटेल तितकं फिरा, एकही पक्षी दिसत नाही. मग अचानक आजूबाजूची झाडं पक्ष्यांनी गजबजतात आणि काही मिनिटांत सगळं पुन्हा शांत, असं त्याने १८६३ साली लिहिलं. तिथल्या मूळ रहिवाशांनी त्याला कारणही सांगितलं होतं: एक छोटा करडा पक्षी बाकीच्यांना भुलवतो आणि झाडोऱ्यातून आपल्या मागे मागे फिरवतो. बेट्सने याला दंतकथाच म्हटलं, तरी तिच्यात थोडं तथ्य दिसतं हेही मान्य केलं.

पुढे १९४०च्या दशकात पक्षी अभ्यासक विंटरबॉटम यांनी आफ्रिकेत, आजच्या झांबियात, असेच थवे अभ्यासले आणि थव्याला धरून ठेवणारी एखादी मध्यवर्ती जात असते ही कल्पना मांडली. मार्टिन मॉयनिहान यांनी पनामातल्या निरीक्षणांवरून १९६२ साली ती पक्की केली. सखल भागातल्या निळ्या-हिरव्या, झगमगीत टॅनेजरांच्या (अमेरिका खंडातल्या छोट्या रंगीत पक्ष्यांच्या) थव्यात मध्यवर्ती जात कोणती निघाली? प्लेन-कलर्ड टॅनेजर, म्हणजे त्या सगळ्यांत फिका, करडा पक्षी! रंग भडक नसल्यामुळे इतरांना त्याच्याशी भांडावंसं वाटत नसावं, असं मॉयनिहान यांचं म्हणणं. बेट्सला सांगितलेली कथा वेगळ्या मुलखातली, पण मला तरी ती इतकी उडवून लावण्यासारखी वाटत नाही.

डोंगरात चढलं की चित्र बदलतं. पश्चिम पनामातल्या चिरिकीच्या उंचावरच्या थव्यांत काळा, पिवळा आणि तपकिरी रंग पुन्हा पुन्हा दिसतो, आणि तोही एकमेकांशी जवळचं नातं नसलेल्या जातींत. एकसारख्या पेहरावामुळे थवा टिकायला मदत होत असावी, असं मॉयनिहान यांनी १९६८ साली सुचवलं. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

मोंतेवेर्देत मात्र पक्षी अभ्यासकांच्या आधी शेतकरी पोहोचले. अमेरिकेत सक्तीच्या लष्करी नोंदणीला नकार देऊन काही क्वेकर, म्हणजे युद्धाला विरोध करणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक, तुरुंगात जाऊन आले होते. कोस्टा रिकाने १९४८ साली सैन्यच मोडीत काढलं, हे पाहून अलाबामातली सुमारे ४४ माणसं १९५१ साली इथे आली आणि दुधाचा धंदा करू लागली. शहाणपण असं की ओढ्यांच्या उगमावरचं सुमारे ५५४ हेक्टर जंगल त्यांनी पाण्यासाठी न तोडता ठेवलं. कॅरिबियनकडून येणारे व्यापारी वारे तिलारान डोंगररांगेवर चढतात, थंडावतात आणि ढग थेट झाडांत शिरतात. पाऊस नसतानाही शेवाळलेल्या फांद्यांवरून पाणी ठिबकत राहतं.

१९७०च्या सुमारास जॉर्ज पॉवेल हा संशोधक विद्यार्थी पत्नी हॅरिएटसह तिथे राहायला आला. विषय होता मिश्र थवे. असा थवा दिसायच्या आधी ऐकू येतो. धुक्यातून बारीक ‘त्सिप त्सिप’ जवळ येतं आणि क्लोरोस्पिंगस नावाचे छोटे पक्षी दिसतात: पाठ शेवाळी, छाती पिवळसर, डोळ्यामागे पांढरा ठिपका. मागोमाग खोडावर सरपटणारा बार्बटेल, आणि आपल्याकडच्या नाचणासारखा शेपटीचा पंखा उघडत फिरणारा रेडस्टार्ट. या शेपटीतली पांढरी पिसं दिसली की किडे दचकून उडतात आणि टिपले जातात. रोनाल्ड मम यांनी मोंतेवेर्देतच ती पिसं काळी करून पाहिली, तर शिकार घटली. हिवाळ्यात उत्तर अमेरिकेतून आलेले वॉर्बलरही याच घोळक्यात सामील होतात.

थव्यामागे फिरताना पॉवेलला जंगलतोड आणि शिकार दोन्ही दिसत होतं. विल्फर्ड गिंडन या क्वेकर शेतकऱ्याला हाताशी धरून आणि कोस्टा रिकातल्या ट्रॉपिकल सायन्स सेंटर या संस्थेच्या साथीने त्याने १९७२ साली राखीव क्षेत्राची सुरुवात केली. थव्यांवरचा त्याचा लेख छापून आला १९७९ मध्ये, म्हणजे जंगल आधी वाचलं, लेख नंतर आला. क्वेकरांचं पाणलोटाचं रानही पुढे याच राखीव क्षेत्राला जोडून सांभाळलं गेलं. १९८७ पासून स्वीडनमधल्या शाळकरी मुलांनी पैसे जमवून शेजारचं जंगल विकत घ्यायला सुरुवात केली, त्यातून आज मोंतेवेर्देपेक्षा कितीतरी मोठं ‘मुलांचं शाश्वत अरण्य’ उभं आहे.

थव्याचा फायदा काय, याचं उत्तर अजून एका वाक्यात देता येत नाही. जास्त डोळे म्हणजे ससाण्याची लवकर खबर, हे बहुतेकांना मान्य आहे. पण पेरूच्या मनू जंगलात चार्ल्स मन यांना पहारेकरी जातीच खोटी हाकाटी देऊन दुसऱ्याच्या तोंडचा किडा पळवताना आढळल्या. आपल्या सह्याद्रीतही असे थवे फिरतात आणि कोतवाल त्यांत हमखास असतो. त्याची लुच्चेगिरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना मन यांचा निष्कर्ष पटायला वेळ लागणार नाही.

पॉवेलने पुढे क्वेत्झालना रेडिओ लावून त्यांचा माग काढला. विणीचा हंगाम संपला की ते राखीव क्षेत्र सोडून पॅसिफिककडच्या उतारावर जातात आणि तिथल्या खाजगी मालकीच्या, तुकड्या-तुकड्यांत उरलेल्या जंगलांवर जगतात, असं निघालं. त्यानंतर संवर्धनाचं काम त्या खालच्या तुकड्यांकडे वळलं.