पार्श्वभूमी : एआय सहायक एपीआयच्या दाराशी कसा पोहोचला

"पेमेंट एपीआयवर काल रात्रीपासून ४२९ का वाढलेत?" एआय सहायकाला एवढं साध्या भाषेत विचारायचं. (एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्या यंत्रणेकडे माहिती किंवा काम मागायचं दार; ४२९ म्हणजे 'मर्यादेपेक्षा जास्त वेळा मागितलं' असं सांगणारा त्रुटी-क्रमांक.) सहायक गेटवेकडून, म्हणजे एपीआयच्या दारावरच्या रखवालदार यंत्रणेकडून, आकडे आणतो, कोणत्या क्लायंटची (एपीआय वापरणाऱ्या प्रोग्रॅमची) मर्यादा संपली ते शोधतो आणि दोन ओळींत उत्तर देतो. पूर्वी याच उत्तरासाठी डॅशबोर्ड उघडा, फिल्टर लावा, लॉग चाळा, असा अर्धा तास जायचा. ही सोय एका रात्रीत आलेली नाही. तिच्यामागे पंचवीस वर्षांचं काम आहे, आणि त्यातलं बरंचसं एआयसाठी केलेलंच नव्हतं.

सुरुवात २००० सालची म्हणता येईल. सेल्सफोर्स आणि ईबे यांनी आपल्या यंत्रणा वेब एपीआयद्वारे बाहेरच्यांना खुल्या केल्या. त्याच वर्षी रॉय फील्डिंग यांच्या प्रबंधातून, वेबवरच्या यंत्रणा कशा रचाव्यात याची 'रेस्ट' ही मांडणी पुढे आली. दार उघडलं की रखवालदार लागतोच: आत येणारा कोण, दिवसात किती वेळा आला, त्याला कुठवर सोडायचं? या कामासाठी एपीआय मॅनेजमेंट नावाचा वेगळा धंदा उभा राहिला. २००४ची सोनोआ सिस्टिम्स पुढे अ‍ॅपिजी झाली आणि २०१६ मध्ये गूगलने ती सुमारे साडेबासष्ट कोटी डॉलरला घेतली. मॅशरी, बार्सिलोनाची थ्रीस्केल, २०१५ मध्ये मुक्तस्रोत झालेला काँग, अशी बरीच नावं घेता येतील. काम सगळ्यांचं सारखंच: की (ओळख पटवणारी किल्ली) देणं, मोजणं, अडवणं, नोंद ठेवणं.

या साऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती. दारावर येणारा म्हणजे कुणा डेव्हलपरने लिहिलेला प्रोग्रॅम. तो आज जे मागेल तेच उद्या मागेल, आणि त्याच पद्धतीने मागेल.

खरी पायाभरणी मात्र एका शब्दकोशाच्या कंपनीत झाली, आणि मला हा या कहाणीतला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. वर्डनिक या ऑनलाइन शब्दकोशाचं काम करताना टोनी टॅम यांनी स्वॅगर तयार केलं. एपीआयचं वर्णन एकाच फाइलमध्ये, यंत्रालाही वाचता येईल अशा रीतीने लिहायचं: पत्ता कोणता, कोणती माहिती द्यायची, ती आकडा की मजकूर, उत्तरात काय येतं. २०१५ मध्ये हे लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेलं आणि ओपनएपीआय या नावाने रुळलं. दरम्यान २०१२ मध्ये बंगळुरूत अभिनव अस्थाना यांच्या फावल्या वेळच्या कामातून पोस्टमन निघालं आणि एपीआय हातात घेऊन तपासून बघणं जगभर सोपं झालं.

त्या फाइलमध्ये डिस्क्रिप्शन नावाचा एक रकाना असतो. वर्षानुवर्षं तो कुणी मनावर घेतला नाही. 'ग्राहकाची माहिती' एवढं लिहून पुढे जायचं, नाहीतर रिकामाच सोडायचा. कुणी अडलंच, तर शेजारच्या टेबलावर जाऊन विचारायचं.

मार्च २०२३ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीसाठी प्लगइन (बाहेरच्या सेवा जोडणाऱ्या पुरवण्या) आणले, तेव्हा या रकान्याचे दिवस पालटले. प्लगइन बनवायला ओपनएपीआयची फाइल आणि सोबत एक छोटी माहितीपत्रिका लागायची. त्या पत्रिकेत वर्णनाचे दोन रकाने होते, एक माणसासाठी आणि एक मॉडेलसाठी, म्हणजे सहायकामागच्या एआयसाठी. वाचणारा बदलला आहे हे तिथे पहिल्यांदा इतकं उघडपणे लिहिलं गेलं. प्लगइन सुमारे वर्षभरात बंद झाले, पण जून २०२३ मध्ये आलेलं फंक्शन कॉलिंग टिकलं. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मॉडेल स्वतः एपीआयला हात लावत नाही. कोणतं फंक्शन (ठरलेलं काम), कोणती माहिती घालून बोलवायचं, हे ते फक्त लिहून देतं. प्रत्यक्ष कॉल बाहेरचा प्रोग्रॅम करतो. म्हणूनच मध्ये थांबवायला, तपासायला जागा उरते.

पण प्रत्येक सहायकासाठी आणि प्रत्येक यंत्रणेसाठी वेगळी जोडणी लिहायची म्हटलं, तर काम संपेचना. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुला केला. कोड एडिटर आणि प्रोग्रॅमिंग भाषा यांना जोडणाऱ्या, २०१६ मध्ये आलेल्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलवरून त्याची कल्पना सुचली होती. सहायक यंत्रणेच्या बाजूच्या एमसीपी सर्व्हरला विचारतो, 'तुझ्याकडे कोणती टूल्स (करून घेता येणारी कामं) आहेत?' यादी येते, आणि तो त्यातलं एक निवडतो. मार्च २०२५ मध्ये ओपनएआयनेही तो स्वीकारला. मग गेटवेवाल्यांनी हात आखडता घेण्याचा प्रश्नच नव्हता. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअर एपीआय मॅनेजमेंटमध्ये असलेला रेस्ट एपीआयच एमसीपी सर्व्हर म्हणून मांडायची सोय त्याच वर्षी आली.

आहे तसा एपीआय टूल्समध्ये उतरवला की काय होतं ते जवळून पाहू. समजा, एका एपीआयमध्ये तीनशे एंडपॉइंट (मागणी पाठवायचे पत्ते) आहेत. त्यांत ग्राहक आणणारे तीन: एक जुन्या आवृत्तीचा, एक नव्या, एक फक्त अंतर्गत अहवालांसाठी. तिघांच्याही डिस्क्रिप्शनमध्ये 'ग्राहकाची माहिती'. यादी मोठी, त्यामुळे मॉडेलसमोर आधीच हजारो टोकनांचा (मजकुराच्या तुकड्यांचा) ढीग पडलेला. ते तिघांतला एक उचलतं, आणि तो जुना निघाला तर उत्तर ठसक्यात येतं आणि चुकीचं येतं. शेजारच्या टेबलावर जाऊन विचारण्याची सवय त्याला नाही. माझ्या मते तीनशेंची यादी समोर टाकण्यापेक्षा माणसं ज्या दहा-पंधरा गोष्टी खरंच विचारतात, तेवढीच टूल्स नीट शब्दांत लिहावीत.

दुसरी बाजू किल्ल्यांची, आणि तिची मला जास्त काळजी वाटते. सुरुवातीचे अनेक एमसीपी सर्व्हर वापरणाऱ्याच्याच लॅपटॉपवर चालायचे आणि एपीआय की कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेली असायची. गेटवेच्या प्रशासनाची की अशी ठेवली, तर प्रश्न विचारायला आणलेल्या सहायकाच्या हाती कुलूप बदलायचा अधिकारही जातो. एमसीपीच्या मार्च २०२५च्या आवृत्तीत ओऑथ २.१ या परवानगीच्या मानकावर आधारलेली परवानगीची पद्धत आली. जूनच्या आवृत्तीने ती आणखी आवळली: टोकन (इथे परवानगीचा पास) ज्या सर्व्हरसाठी दिलं त्याच सर्व्हरवर चालावं, आणि सर्व्हरने क्लायंटकडून आलेलं टोकन तसंच पुढच्या एपीआयला सरकवू नये.

मार्चच्याच आवृत्तीत टूलवर खुणा ठेवायची सोय झाली. हे टूल फक्त वाचतं का, की काही मोडूही शकतं? या खुणा म्हणजे हमी नव्हे. अनोळखी सर्व्हरने लावलेल्या खुणांवर विसंबू नये, असं खुद्द प्रोटोकॉलच बजावतो. त्यामुळे खरी अडवणूक गेटवेवरच व्हायला हवी: सहायकासाठी वेगळी ओळख, वेगळी मर्यादा, आणि काही पुसायचं असेल तर आधी माणसाचा होकार. पण लिहिणाऱ्याने खूण लावलीच नाही, तर काय धरायचं हेही तिथे ठरवून ठेवलं आहे. हे टूल विध्वंसक असू शकतं, असं धरायचं.