गुडघ्याचा पट्टा न्यायला येताय? मग पेशंटचं माप घेऊन या

जिंतूर, पालम, सोनपेठ, पाथरी, गंगाखेड, कुठून कुठून लोक कामानं परभणीला येतात आणि गाडी लागायच्या आत आमच्या दुकानात डोकावतात. "मायचे गुडघे लई दुखायलेत, एक चांगला पट्टा द्या." आम्ही विचारतो माप काय, तर उत्तर ठरलेलं, "अंगानं भारी हाय, मोठाच द्या." तो पट्टा गावाकडं जातो, मावशी घालून बघतात, आणि एकतर चालता चालता तो पोटरीवर घसरतो नाहीतर मांडीत रुतून बसतो. चार दिवसांनी तेलाच्या आणि मलमाच्या डागासकट तोच पट्टा परत आमच्या काउंटरवर. यात तुमचं बसभाडं गेलं, आमचा अर्धा तास गेला, आणि दुखणं जिथल्या तिथं.

घातलेला पट्टा आम्ही परत घेत नाही हे बिलावरही छापलंय. लोकांना राग येतो, येऊ द्या, पण तुमच्या घरी घाम लागलेला पट्टा आम्ही उद्या दुसऱ्याच्या आईला नवा म्हणून द्यावा का? पाकीट फोडलेलं पण अंगाला न लागलेलं असेल तर साइज बदलून देतो, त्याला कधी नाही म्हटलं नाही. चप्पल घेताना आपण पाय सोबत नेतो, मग गुडघ्याचं काय एवढं अंदाजावर चालतं?

आता माप कसं घ्यायचं. घरात शिवणकामाचा टेप असेल तर उत्तम, नसेल तर सुतळी किंवा जाड दोरा घ्या. पेशंटला उभं करा, उभं राहणं जमत नसेल तर पाय सरळ सोडून बसवा. लुगडं, सलवार, पायजमा वर घ्या, माप उघड्या कातडीवरच पाहिजे, कपड्यावरून घेतलं की साइज हमखास एक नंबर चुकते. गुडघ्याच्या वाटीच्या बरोबर मधून गोल माप घ्यायचं. मग वाटीच्या मधापासून वर सहा इंचांवर मांडीचं आणि खाली सहा इंचांवर पोटरीचं. तिन्ही मापं यासाठी की काही कंपन्यांचा चार्ट वाटीच्या मापावर असतो आणि काहींचा मांडीच्या, आणि आपल्याकडं बऱ्याच बायांची मांडी भरलेली नि पोटरी बारीक असते, तिथं नुसत्या वाटीच्या मापानं काम होत नाही. सुतळी फक्त टेकवायची, आवळायची नाही. जिथं टोक येतं तिथं पेनानं खूण करा आणि तीन सुतळ्या तशाच खिशात घालून आणा, मोजायचं काम आमचं. दोन्ही गुडघे दुखत असतील तर दोन्हींची वेगवेगळी मापं आणा, एका गुडघ्याला सूज असली की दोन्हींत फरक पडतोच. आणि माप शक्यतो संध्याकाळी घ्या, दिवसभर उठबस झाल्यावर सूज खरी दिसते.

घरी नेल्यावर आधी घालून दहा पावलं चाला. पट्ट्याच्या काठाखाली एक बोट थोडं जोर लावून जायला पाहिजे. सहज दोन बोटं गेली तर ढिला, एकही गेलं नाही तर घट्ट. पाय गार पडला, मुंग्या आल्या, पाऊल सुजलं तर तेव्हाच काढा. रात्री झोपताना काढायचाच. शुगर असलेल्या माणसाला कातडीवर घासलेलं लवकर कळत नाही, त्यांच्या घरच्यांनी रोज संध्याकाळी कातडी बघायची. पायाच्या शिरा फुगलेल्या असतील किंवा पायावर कायम सूज असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आम्ही पट्टा देत नाही. त्यावरून गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, ते आम्हाला माहीत आहे.

"ऑनलाइन फ्री साइज स्वस्त मिळतो की" असं पोरं मोबाइल दाखवून सांगतात. मिळतो. फ्री साइज म्हणजे ताणणारं कापड, दोन महिन्यांत त्याचा जीव जातो आणि मग तो गुडघ्यावर नुसता पायमोजा होऊन बसतो. आम्ही तो ठेवत नाही.

पण सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न वेगळाच, "यानं गुडघा बरा होईल ना?" नाही होणार. पट्टा विकणाऱ्यानंच असं सांगितलं की लोक चमकून बघतात. साधा कापडी पट्टा गुडघ्याला ऊब देतो, आधार आहे असं वाटतं, पाय टाकायची भीती कमी होते, एवढंच त्याचं काम. झिजलेली कुर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) तो भरून आणत नाही, वाकलेला पाय सरळ करत नाही. जाणकारांतही यावर एकमत नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य संस्थेनं, नाइसनं, २०२२ च्या मार्गदर्शनात लिहिलंय की झिजेच्या संधिवाताला पट्टे सरसकट देऊ नका, सांधा डगमगत असेल, व्यायाम त्याशिवाय जमत नसेल आणि पट्ट्यानं हालचाल सुधारेल असं वाटत असेल तरच द्या. अमेरिकेतल्या संधिवात डॉक्टरांच्या संघटनेनं २०२० मध्ये छापलेल्या मार्गदर्शनात मात्र ज्यांचं चालणं, सांध्याची स्थिरता किंवा दुखणं खरंच जास्त बिघडलंय त्यांना गुडघ्याचा ब्रेस, म्हणजे कडक आधाराचा पट्टा, ठामपणे सुचवलाय. दोन्ही वाचली तर एकच गोष्ट निघते, कोणाला द्यायचा हे बघून द्या. म्हणून आम्ही गुडघा डगमगतो का, पाय बाहेरच्या बाजूला वाकलाय का, जिना उतरताना दुखतं का असं विचारत बसतो, टाइमपास म्हणून नाही. डगमगणाऱ्या गुडघ्याला बाजूनं पट्टी असलेला ब्रेस लागतो, तिथं दोनशे रुपयांचा कापडी पट्टा दिला तर तुमचे पैसे वाया.

एक्स-रे घेऊन येणारेही बरेच असतात, "बघा गॅप किती कमी झालाय." आम्ही डॉक्टर नाही, एक्स-रे बघून सल्ला देत नाही. पण एवढं सांगतो की फोटोत दिसतं आणि माणसाला दुखतं याचं गणित सरळ नसतं. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावात ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांच्या गुडघ्यांचा एमआरआय काढला होता, तो अभ्यास २००८ ला छापून आला. ज्यांच्या गुडघ्यातली गादी (दोन हाडांमधली चकती, मेनिस्कस) फाटलेली निघाली त्यातल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघा दुखलाच नव्हता. तेव्हा रिपोर्ट वाचून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "आता तुमचं सगळं संपलं" असं सांगू नका, माणूस घाबरून खाटेवर बसतो आणि बसला की गुडघा आणखी आखडतो.

खरं काम करतो तो व्यायाम, आणि तो फुकट आहे. २०१३ ला अमेरिकेत ५५ च्या पुढच्या ४५४ जाड लोकांवर दीड वर्ष चाललेला अभ्यास छापून आला, काहींना नुसतं पथ्य, काहींना नुसता व्यायाम, काहींना दोन्ही. दोन्ही करणाऱ्यांचं दुखणं आणि चालणं सगळ्यात जास्त सुधारलं. त्याच गटातल्या संशोधकांनी त्याआधी २००५ ला मोजून दाखवलं होतं की एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलो भार कमी होतो. चार किलो! दिवसभरात पावलं किती पडतात ते तुम्हीच धरा. आता साठीच्या मावशीला वजन उतरव म्हणणं सोपं आणि करणं अवघड हे आम्हालाही कळतं, पण रात्रीचा भात आणि चहातली साखर यापासून सुरुवात करता येते, भाकरी सोडायची गरज नाही.

व्यायामात सुरुवातीला दोनच करा. खाटेवर पाय सरळ करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्यानं ती खाली दाबा, पाचपर्यंत मोजा, सोडा, असं दहा वेळा, सकाळ संध्याकाळ. दुसरा, भिंतीला टेकलेल्या खुर्चीतून हाताचा आधार कमीत कमी घेत उठायचं आणि सावकाश बसायचं, जमेल तितक्या वेळा. पहिले आठ दिवस थोडं दुखतं, तेवढ्यानं बंद करू नका. पण व्यायामानंतर दुखणं दुसऱ्या दिवसापर्यंत वाढलेलंच राहिलं तर प्रमाण कमी करा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. बरेच लोक दुखायचं थांबलं की व्यायाम पण थांबवतात, आणि मग कापूस वेचणीच्या वेळेला परत आमच्याकडं.

गोळ्यांचं आम्ही विकत नाही तरी लोक विचारतात, ती "वंगणाची" ग्लुकोसामिन गोळी घ्यावी का. २००६ ला अमेरिकेत १५८३ लोकांवर मोठी चाचणी झाली, सगळ्या लोकांचं मिळून बघितलं तर ती गोळी नुसत्या साखरेच्या गोळीहून फार सरस ठरली नाही. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतल्यावर काही आठवडे बरं वाटतं. पण २०१७ च्या एका चाचणीत दर तीन महिन्याला असं दोन वर्षं दिलं, तर दुखण्यात नुसत्या मिठाच्या पाण्याच्या (सलाइनच्या) इंजेक्शनाहून फरक नाही आणि कुर्चा मात्र जास्त झिजलेली. घ्यायचं का नाही ते डॉक्टर ठरवतील, आम्ही फक्त सांगतोय की दर वेळी मागू नका. आणि बाजारात बिनलेबलच्या पुड्या मिळतात, खाल्ली की दुसऱ्या दिवशी उड्या मारतो माणूस, त्यांच्यापासून लांब राहा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

काही गिऱ्हाइकांना आम्ही काहीच न विकता परत पाठवतो. सकाळी उठल्यावर बोटं अर्ध्या तासाच्या वर आखडलेली राहतात, दोन्ही हातांची पेरं सुजलीत, असं असेल तर ती नुसती झीज नसून आमवात असू शकतो, त्याला वेगळी औषधं आहेत आणि ती जितक्या लवकर सुरू तितकं बरं. गुडघा अचानक लाल, गरम, सोबत ताप, किंवा पडल्यावर पाय टेकताच येत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना. २००६ च्या चिकुनगुनियाची साथ ज्यांनी बघितली त्यांना आठवत असेल, ताप उतरून महिने झाले तरी सांधे धरलेलेच होते लोकांचे. तसा ताप येऊन गेला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

शेवटी काठी. लोकांना काठीची लाज वाटते, पट्टा लुगड्याखाली झाकतो, काठी दिसते म्हणून. पण आमच्या मते पैसे वसूल करणारी वस्तू तीच. २०१२ ला ब्राझीलच्या एका अभ्यासात गुडघ्याची झीज असलेल्या ६४ लोकांपैकी निम्म्यांना दोन महिने रोज काठी वापरायला लावली, त्यांचं दुखणं न वापरणाऱ्यांपेक्षा कमी झालं. पहिल्या महिन्यात चालताना जास्त ताकद लागते, दोन महिने होईपर्यंत सवय होते, हेही त्यात दिसलं, म्हणून चार दिवसांत काठी कोपऱ्यात फेकू नका.

दहातले आठ जण काठी चुकीच्या हातात धरतात, निदान दुकानात आम्हाला तरी असंच वाटतं. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात, आणि दुखरा पाय उचलला की काठी त्याच्यासोबत पुढं. दुखऱ्या बाजूलाच धरली तर अंगाचा भार उलट त्याच पायावर झुकतो. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. उंची बघायची तर रोजची चप्पल घालून सरळ उभं राहा, हात मोकळा सोडा, मनगटाची घडी जिथं येते तिथं काठीची मूठ पाहिजे. आजोबांची वडिलोपार्जित बांबूची काठी खांद्याला लागेल एवढी उंच असते, ती कुत्रं हाकलायला चांगली, गुडघ्याला नाही. चार पायांची काठी तोल जाणाऱ्यांसाठी, तिचे चारही पाय एकदम टेकायला पाहिजेत, शेताच्या बांधावर ती चालत नाही, तिथं एक पायाचीच घ्या.

काठीखालचं रबरी बूच झिजून गुळगुळीत झालं की फरशीवर, विशेषतः ओल्या मोरीत, काठी सटकते. बूच सुटं मिळतं, काठी दुसऱ्या दुकानातली असली तरी घेऊन या, बघून बसवून देऊ, बसवायचे पैसे नाहीत. उंची कमी जास्त करायची असेल तर तेही जागेवर होतं, फक्त तेव्हा पेशंट सोबत पाहिजे, नसेल तर चप्पल घालून जमिनीपासून मनगटापर्यंतची सुतळी.